उत्तर आधी, प्रश्न मागून



या व्यासपीठावर गंभीर विषयांची परंपरा आहे. त्या मानाने आजचा माझा विषय आपल्याला अंमळ हलका वाटेल. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरचा एक प्रश्नोत्तरांचा खेळ, त्याचे नाव ‘जेपर्डी’. तो पहिल्यांदा १९६४ साली दिसला, मध्ये काही वर्षे बंद पडला, पुन्हा उभा राहिला आणि आजही चालू आहे. साठ वर्षांहून अधिक काळ लोकांनी एक खेळ उराशी धरावा, यामागे काहीतरी कारण असले पाहिजे. ते कारण शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

या शोधाला माझे एक खासगी निमित्तही आहे, ते आधी सांगून टाकतो. मी शाळेत सदतीस वर्षे इतिहास शिकवला. शेवटच्या काही वर्षांत मुले मला विचारीत, “सर, हे लक्षात कशाला ठेवायचे? फोनमध्ये आहे की सगळे!” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, अगदी सरळ होता. आणि खरे सांगायचे तर त्यांना पटेल असे उत्तर मला देता येत नसे. “परीक्षेत फोन नसतो,” एवढे म्हणून मी वेळ मारून नेत असे. पण तेवढ्याने माझेच समाधान होत नव्हते.

निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीत काही महिने राहण्याचा योग आला. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता घरातली सारी मंडळी हा खेळ पाहायला बसत. पहिल्याच दिवशी सम्राट अशोकाविषयीचे काही विधान पडद्यावर आले. मी मोठ्या उत्साहाने “अशोक!” म्हणून ओरडलो. माझा बारा वर्षांचा नातू शांतपणे म्हणाला, “आजोबा, गुण नाही. प्रश्न विचारायचा असतो. ‘अशोक कोण?’ असे म्हणा.” सदतीस वर्षे प्रश्न विचारून पोट भरलेल्या माणसाला प्रश्न विचारायला शिकवणारा गुरू असा घरातच भेटला.

तर हा उलटा प्रकार कुठून आला? त्याची कथा एका लबाडीपासून सुरू होते.

जून १९५५ मध्ये अमेरिकेत ‘चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्न’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याने देशाला वेड लावले. त्याचे यश पाहून तशाच कार्यक्रमांचे पीक आले. १९५६ मध्ये ‘ट्वेंटी-वन’ हा त्यांपैकी एक सुरू झाला. दोन स्पर्धक दोन काचेच्या कोठड्यांत उभे राहात, कानाला यंत्र लावून प्रश्न ऐकत, कपाळावरचा घाम पुशीत आणि ओठ चावीत उत्तरे देत. प्रेक्षक श्वास रोखून पाहात. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक स्पर्धक त्यात कित्येक आठवडे जिंकत होता. मग त्याच्यासमोर चार्ल्स व्हॅन डोरेन आला. कोलंबिया विद्यापीठातला तरुण अध्यापक, प्रसिद्ध कवीचा मुलगा, देखणा, नम्र. डिसेंबर १९५६ मध्ये त्याने स्टेम्पेलला हरवले. पुढे त्याने १,२९,००० डॉलर मिळवले आणि ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. आयाबाया आपल्या मुलांना सांगू लागल्या की अभ्यास करा, त्याच्यासारखे व्हा.

आणि हे सारे आधी ठरवलेले नाटक होते. प्रश्न आणि उत्तरे दोघांनाही अगोदर दिलेली असत. कुठे अडखळायचे, कुठे घाम पुसायचे, हेही शिकवलेले असे. घाम खरोखर यावा म्हणून कोठडीतले वातानुकूलन बंद ठेवीत. स्टेम्पेलने कोणत्या प्रश्नावर चुकायचे, हेही ठरवून दिले होते. १९५५ सालचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून ऑस्कर मिळवणारा चित्रपट कोणता, असा तो प्रश्न होता. उत्तर ‘मार्टी’. हा चित्रपट स्टेम्पेलचा विशेष आवडता होता. तरी त्याला दुसरे नाव सांगणे भाग पडले. जेम्स स्नॉडग्रास नावाच्या एका चित्रकार स्पर्धकाने मात्र युक्ती केली. त्याला आधी मिळालेली प्रश्नोत्तरे त्याने कागदावर लिहिली आणि कार्यक्रमापूर्वी रजिस्टर टपालाने स्वतःलाच पाठवून दिली. ते बंद लिफाफे पुढे चौकशीत पुरावा म्हणून फोडण्यात आले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने काँग्रेसच्या समितीसमोर सर्व कबूल केले. त्याची विद्यापीठातली जागा गेली. १९६० मध्ये असे कार्यक्रम आतून ठरवून करणे हा कायद्याने गुन्हा ठरला.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. या लबाडीत प्रेक्षकाच्या खिशातला एक पैसाही गेला नव्हता. मग लोक इतके दुखावले का? एखाद्या नाटकात राजा खोटा असतो, हे आपण जाणतो आणि तरी टाळ्या वाजवतो. परंतु एक माणूस आपल्यासमोर आठवतो आहे, धडपडतो आहे आणि त्याला सापडते आहे, हे दृश्य खोटे निघाले, तर आपण ज्या गोष्टीला मनोमन मान दिला ती गोष्टच कोणी विकून खाल्ली असे वाटते. लोकांनी विद्येला वाहिलेले फूल भलत्याच ठिकाणी पडले होते.

पुढची काही वर्षे असे कार्यक्रम काढायला कोणी धजेना. १९६३ च्या सुमारास मर्व्ह ग्रिफिन हा निर्माता पत्नीसह विमानाने न्यूयॉर्ककडे जात होता. लोकांना प्रश्नोत्तरे आवडतात, पण विश्वास उडाला आहे, असे काहीतरी तो बोलत होता. पत्नी ज्युलॅन म्हणाली, मग स्पर्धकांना उत्तरेच देऊन टाका ना! म्हणजे तेच करून लोक तुरुंगाच्या दारापर्यंत गेले होते, आणि ही बाई तेच उघडपणे करा म्हणत होती. तिने उदाहरण दिले: “उत्तर आहे ५,२८०.” नवऱ्याने प्रश्न शोधला: “एका मैलाचे फूट किती?” विमान उतरेपर्यंत खेळाचा सांगाडा तयार झाला. ३० मार्च १९६४ रोजी तो पडद्यावर आला.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. जुन्या राजसभांत समस्यापूर्तीचा खेळ चाले. श्लोकाचा शेवटचा चरण सभेत टाकायचा आणि कवीने उरलेले तीन चरण रचून त्याला अर्थ आणायचा. म्हणजे शेवट हाती आहे, सुरुवात शोधायची. उलट्या दिशेने चालताना बुद्धीला एक वेगळी हुशारी वाटते, हे त्या सभापंडितांनाही माहीत होते.

आता खेळाचे स्वरूप पाहू. तीन स्पर्धक. समोर एक फळा. त्यावर सहा विषय आणि प्रत्येक विषयाखाली पाच चौकोन, असे तीस चौकोन. खालच्या चौकोनाची किंमत अधिक, कारण तो अवघड. स्पर्धक विषय आणि किंमत सांगतो, चौकोन उघडतो, त्यावर एक विधान असते. ते सूत्रसंचालक वाचतो. वाचून झाले की जो पहिले बटण दाबेल त्याला बोलण्याचा हक्क. बरोबर आले तर तेवढी रक्कम जमा, चुकले तर तेवढीच वजा. दुसऱ्या फेरीत नवे तीस चौकोन आणि किंमत दुप्पट. दोन्ही फेऱ्यांत मिळून तीन चौकोन असे लपलेले असतात की ते ज्याच्या हाती लागतील त्याने आपल्या शिलकीतून हवी तेवढी रक्कम पणाला लावावी. शेवटी सर्वांसाठी एकच विधान. त्याचा फक्त विषय आधी सांगतात. तेवढ्यावरून पैज लिहायची, मग विधान दिसते आणि तीस सेकंदांत प्रश्न लिहायचा. त्या तीस सेकंदांत वाजणारी धून ग्रिफिनने मुळात आपल्या लहान मुलासाठी अंगाई म्हणून बांधली होती. आज अमेरिकेत कोणी विचारात पडला की शेजारचा माणूस थट्टेने तीच धून गुणगुणतो.

या साध्या मांडणीत लोकप्रियतेची कारणे दडलेली आहेत. मला त्यांपैकी चार मुख्य वाटतात.

पहिले कारण त्या उलट्या रचनेत आहे. ‘अशोक कोण?’ हा काही खरा प्रश्न नव्हे, तो नुसता व्याकरणाचा वेश आहे, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. पण त्या वेशामुळे एक मोठा लाभ होतो. प्रश्न फक्त मागतो. विधान काहीतरी देते. समजा मी आपल्याला विचारले, “वसंत व्याख्यानमाला कोणी सुरू केली?” आपण उत्तर द्याल आणि ज्याला येत नाही तो गप्प बसेल. पण मी म्हटले, “महाराष्ट्र ज्यांना न्यायमूर्ती म्हणून ओळखतो, त्या गृहस्थांनी १८७५ साली पुण्यात व्याख्यानांचा एक उपक्रम सुरू केला,” तर ज्याला नाव आठवले नाही त्याच्याही पदरात साल पडले, गाव पडले, उपक्रम पडला. ‘रानडे कोण?’ हे शेजाऱ्याने सांगितले की सारे चित्र पुरे होते. अशी एकसष्ट विधाने अर्ध्या तासाच्या एका खेळात मांडलेली असतात. हरणारा प्रेक्षकही रिकाम्या हाताने उठत नाही.

दुसरे कारण असे की हा खेळ घरात बसून पुरा खेळता येतो. क्रिकेटचा सामना पाहणारा माणूस बॅट धरीत नाही. इथे मात्र विधान वाचले जात असताना आजी, नात, जावई सारेच एका रेषेवर उभे असतात. नातवाला चित्रपट आणि खेळाडू ठाऊक, मला राजे आणि तह ठाऊक, मुलीला औषधे आणि झाडे ठाऊक. ज्या घरात तीन पिढ्यांना एकत्र बोलायला विषय सापडत नाही, तिथे हा फळा रोज तीस अधिक तीस विषयांचे तुकडे टाकून जातो. माझ्यापुरते सांगतो, त्या मुक्कामात नातवाशी माझी खरी ओळख त्या अर्ध्या तासात झाली.

तिसरे कारण जरा खोल आहे. चुकल्यास पैसे वजा होतात आणि शेवटी पैज लावावी लागते, म्हणून या खेळात नुसते माहीत असून भागत नाही. आपल्याला किती माहीत आहे हेही माहीत असावे लागते. पुसटशी आठवण आणि पक्की खात्री यांतला फरक ज्याला कळतो तो टिकतो. पहिल्या काळात तिन्ही स्पर्धक आपापली मिळकत घरी नेत. म्हणून पिछाडीचे लोक आहे ते सांभाळून बसत. १९८४ मध्ये खेळ नव्याने सुरू झाला तेव्हा पूर्ण रक्कम फक्त विजेत्याला, असा नियम झाला आणि अंगाशी येण्याचा धोका पत्करल्यावाचून गत्यंतर उरले नाही. ‘जेपर्डी’ या शब्दाचा अर्थच धोका, जोखीम.

चौथे कारण सचोटी आणि संयम. १९५९ चा डाग पुसायचा होता, म्हणून खेळाची व्यवस्थाच कडक ठेवली गेली. प्रश्न रचणारे आणि स्पर्धक यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. बटणाचेही तसेच. आधी विधान वाचून होण्यापूर्वीच बटण दाबता येत असे. १९८५ पासून वाचन पुरे झाल्यावरच बटणे चालू होतात आणि घाई करणाऱ्याचे बटण पाव सेकंद बंद पडते. १९८४ ते २०२० अशी छत्तीस वर्षे अ‍ॅलेक्स ट्रेबेक या मूळच्या कॅनेडियन गृहस्थाने सूत्रसंचालन केले. त्याने स्वतःला कधी खेळापेक्षा मोठे होऊ दिले नाही. आरडाओरडा नाही, रडारड नाही. स्वच्छ उच्चार, नेमका निर्णय, चुकलेल्या माणसाला एखादा सहानुभूतीचा शब्द आणि पुढचा चौकोन. मार्च २०१९ मध्ये त्याने स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आपल्याला गाठल्याचे स्वतः जाहीर केले आणि तरी काम चालू ठेवले. शेवटचे भाग २९ ऑक्टोबर २०२० रोजी मुद्रित झाले. ८ नोव्हेंबरला तो गेला. अमेरिकेत घराघरांत कोणी नात्यातले माणूस गेल्याची भावना झाली. आता त्याच्या जागी केन जेनिंग्ज उभा असतो, आणि तो मुळात याच खेळातला स्पर्धक.

या जेनिंग्जची हकीकत सांगण्यासारखी आहे. पूर्वी पाच वेळा जिंकलेल्या स्पर्धकाला सन्मानाने निरोप देत. २००३ मध्ये ती मर्यादा उठली आणि २००४ मध्ये यूटा राज्यातला हा संगणक-अभियंता लागोपाठ चौऱ्याहत्तर वेळा जिंकला. त्याची मिळकत पंचवीस लाख डॉलरच्या वर गेली. पुढे ३० नोव्हेंबरला तो हरला कशावर? हंगामात सत्तर हजार पांढरपेशे नोकर ठेवणारी आणि वर्षातले चारच महिने त्यांना बहुतांश काम देणारी कंपनी कोणती, अशा आशयाच्या विधानावर. त्याच्या डोक्यात नाताळातली पार्सले आली आणि त्याने ‘फेडेक्स’ लिहिले. बरोबर होती आयकराची विवरणपत्रे भरून देणारी ‘एच अँड आर ब्लॉक’. जग जिंकलेला माणूस अशा घरगुती गोष्टीवर अडतो, हे पाहून कोणा प्रेक्षकाला आपुलकी वाटणार नाही?

मग २०११ साली एक वेगळाच प्रतिस्पर्धी आला. आयबीएम कंपनीने ‘वॉटसन’ नावाचे यंत्र तयार केले आणि जेनिंग्ज व ब्रॅड रटर या दोन अव्वल खेळाडूंसमोर उभे केले. फेब्रुवारीत तीन दिवस सामना चालला. यंत्राचे ७७,१४७ डॉलर, जेनिंग्जचे २४,०००, रटरचे २१,६००. निकाल स्पष्ट होता. पण मधल्या एका विधानावर यंत्राने मोठी मौज केली. विषय होता अमेरिकेतली शहरे. विधानाचा आशय असा: या शहराच्या सर्वांत मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातल्या वीराचे नाव आहे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाला त्याच युद्धातल्या लढाईचे. दोन्ही माणसांनी शिकागो लिहिले, कारण ओ’हेअर हा वीर आणि मिडवे ही लढाई. यंत्राने लिहिले टोरँटो, जे कॅनडात आहे! मात्र पुढे प्रश्नचिन्हे घातली होती आणि पैज फक्त ९४७ डॉलरची लावली होती. म्हणजे आपल्याला खात्री नाही, एवढे त्या यंत्रालाही कळले होते.

आजची यंत्रे वॉटसनच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. तरी खेळ बंद पडला नाही, प्रेक्षक उठून गेले नाहीत. मोटार आली म्हणून धावण्याच्या शर्यती थांबल्या का? माणूस किती धावू शकतो हे पाहण्यात आपल्याला रस असतो; कारण धावणारा आपल्याच हाडामांसाचा असतो, त्याला दम लागतो आणि तो हरू शकतो.

आता एक आक्षेप घ्यायला हवा. हे ज्ञान आहे का? ही तर माहितीची भेळ! एका चौकोनात नद्या, दुसऱ्यात संगीत, तिसऱ्यात खाद्यपदार्थ. कशाचाच पाया नाही, कशाचाच कळस नाही. हा आक्षेप मी पुष्कळ अंशी मान्य करतो. अशोक कोण हे सांगता येणे आणि कलिंगनंतर तो का बदलला यावर विचार करता येणे, यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या अंतराचा हा खेळ दावाही करीत नाही. पण ज्याच्यापाशी नावेच नाहीत, तो विचार तरी कशाचा करणार? शिकागोचे विधान पुन्हा आठवून पाहा. एक वीर, एक लढाई, दोन विमानतळ. हे चार धागे ज्याच्या डोक्यात आधीपासून होते, त्यालाच त्यांची गाठ बसलेली दिसली.

आपल्याकडे या जातीचे जे मोठे यश झाले ते ‘कौन बनेगा करोडपती’चे. मूळ ब्रिटिश कार्यक्रम १९९८ चा. मुंबईत तयार झालेले आपले रूप ३ जुलै २००० पासून सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले कोट्यधीश ठरले. पुढे मराठीतही त्याचा अवतार आला. दोन्ही खेळांची प्रकृती मात्र निराळी आहे. तिथे चार पर्याय दिलेले असतात आणि खुर्चीवरच्या माणसाची जन्मकथा ऐकवली जाते. प्रश्न हे त्या कथेचे निमित्त. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एका बाईंनी तिथे एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा आपण त्यांच्या कष्टांना टाळ्या दिल्या आणि ते योग्यच झाले. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्या बाई कुठेतरी, केव्हातरी वाचत होत्या. चुलीजवळ असतील, रात्री असतील. कोणी बक्षीस देईल की नाही याची वाट न पाहता वाचत होत्या. अमेरिकेतल्या त्या फळ्यासमोर उभा राहणारा कारकून, शिक्षिका, ग्रंथपाल यांचीही जात हीच.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येतो. “फोनमध्ये आहे, मग डोक्यात कशाला?” आज मला उत्तर द्यायचे झाले तर मी म्हणेन: बाळ, फोनला तू विचारलेस तर तो सांगेल, पण काय विचारायचे हे तुला कुठून सुचेल? जे तुझ्या डोक्यात आहे तेच तुला रस्त्यात, पुस्तकात, बातमीत अचानक ओळखू येईल आणि दुसऱ्या कशाशी तरी जुळेल. आणि तुला खरोखर काय येते व काय येत नाही, याची पारख तर फोन तुला मुळीच करून देणार नाही. ज्याला ती पारख नाही, त्याला कोणीही काहीही सांगून फसवील. १९५६ साली एका सबंध देशाला काचेच्या दोन कोठड्यांनी फसवले होते.

ते विद्यार्थी आता मोठे झाले आहेत. त्यांच्यापैकी दोन-चार जण मला आज समोर बसलेले दिसतात. उत्तर द्यायला मला उशीर झाला, तेवढ्याबद्दल त्यांनी क्षमा करावी. आणि उत्तर पटले नसेल तर त्यांनी खुशाल प्रश्न विचारावा. गुण कापले जाणार नाहीत.